सूतभर

गोळीबार चौकात जन्म गेला,
गोळी मात्र एकही झाडली नाही.
एकतीस वर्षं डिफेन्सच्या बसनं अंबाझरी,
हातात गेज, समोर पितळी नळकांड्यांच्या रांगा.
जाईल तो पास, अडकेल त्याला लाल खडू.
माझ्या खडूनं किती पितळ परत भट्टीत गेलं
त्याचा हिशोब सरकारजवळ असेल.

निवृत्तीच्या पैशांचं काय करणार, विचारलं,
जावईच म्हणाला, उमरेड रोडला प्लॉट.
मी रायफल म्हटलं
तर त्याचा चमचा बशीतच राहिला.

लायसन्सला चौदा महिने.
कचेरीतल्या पोट्ट्यानं तीनदा विचारलं,
काकू, धोका कोणापासून आहे?
कारणाच्या रकान्यात एकच शब्द मावत होता.
निशाणेबाजी लिहिलं, मात्रा बाहेर गेल्या.

सदरच्या दुकानात हकीमुद्दीनभाईंनी
हिरव्या बनातीवर तीन रायफली मांडल्या.
मे महिना, चव्वेचाळीस, कूलर नुसता घरघरत होता.
"मारायचं काय आहे, बाई?"
काय सांगू.
"अंतर," म्हटलं. "तीनशे मीटर."
ते हसले नाहीत. चष्मा बदलला.

पहिली, लांजीकडच्या कुण्या मालगुजाराची.
अक्रोडाचा दस्ता, हात ठेवला की सरकेल असा,
आणि खालच्या अंगाला, नखाला लागतील अशा
अकरा खाचा.
"बाहत्तरच्या आधीच्या आहेत," भाई घाईनं म्हणाले,
"तेव्हा चालायचं."
मी बोट फिरवत गेले. नऊ सारख्या,
दहावी तिरपी,
अकरावी अर्धीच.
अर्धी का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.
ठेवून दिली.

दुसरी विलायती. माझा चेहरा पाहून
भाईंनीच ती परत गुंडाळली.

तिसरी फॅक्टरीची, तीनशे पंधरा बोअर.
"जरा ओबडधोबड आहे, पण..."
मला सांगता, भाई?
नंबराखाली तपासणीचा शिक्का होता,
इवलासा, किंचित वाकडा,
जेवणाच्या भोंग्याआधी घाईत मारलेला.
तो हात मी ओळखते.

तरी बोल्ट काढायला लावला.
नळीतून दारातल्या उन्हाकडे पाहिलं.
पेच वळत वळत उजेडाकडे गेलेले,
एकही ओळ तुटलेली नाही.
बाबा मागावर बसायच्या आधी
ताण्यातून असंच एक डोळा मिटून बघायचे.
घोडा जड होता,
जुन्या रहाटासारखा, आधी नाही नाही म्हणतो, मग येतो.
मग शंभराची नोट काढली,
नळी आणि लाकडाच्या मधून सरकवत नेली.
वीतभर गेली, अडकली.
लाकूड एका जागी नळीला टेकत होतं,
सूतभर.

नोकरीत असते तर लाल खडू.
भाई माझ्याकडे बघत होते. मी नोटेकडे.
एवढं घासता येतं, म्हटलं. घरी पॉलिश पेपर आहे.
आणि तीच नोट त्यांच्या हातावर ठेवली, विसार म्हणून.
बाकीचे चेकनं.

रविवारी पहाटे मैदानावर पोचते.
बांबूला एक सूत बांधते, पांढरं, ऐंशी नंबरचं.
ते झुकलं की थांबायचं, सरळ झालं की श्वास.
आठनंतर मात्र सूत काही सांगत नाही.
जमीन तापते,
टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलायला लागतं,
आहे तिथं दिसत नाही, दिसतं तिथं नसतं.
बाजूचे पोरगे म्हणतात, मॅडम, अंदाजानं सोडा.
अंदाजानं मी काही सोडलेलं नाही.

पहिल्या दिवशी वीस गोळ्या नेल्या होत्या.
कागदावर आठ, मातीच्या बांधात अकरा.
जावयानं फोन केला, लागली का?
कागदाला, म्हटलं.
त्याला बरं वाटलं.

विसावी झाडली नव्हती.
परतीच्या ऑटोत ती मुठीत होती,
आणि अंगठा आपोआप
तिच्या पितळी काठावरून फिरत होता.
गेज नव्हतं.
तरी म्हटलं, पास.